साक्ष साक्षच की

आमच्या घरात दोन वडील होते आणि दोन्ही एकाच माणसात होते. एक माझे जन्मदाते, ज्यांना मी पप्पा म्हणते. दुसरे मंडळीचे वडील. आमच्या चर्चमध्ये कारभार बघायला जी चारपाच माणसं निवडून देतात, त्यांना ‘वडील’ म्हणतात, मग त्यांना पोरंबाळं असोत नसोत. पप्पा शाळेतून निवृत्त झाले आणि पुढच्याच निवडणुकीत वडील झाले. त्यामुळे चर्चच्या अंगणात कुणी मला ‘वडील आले नाहीत का?’ असं विचारलं, की मी मुद्दाम ‘कुणाचे?’ असं विचारायची. पप्पांना माझा हा विनोद कधीच आवडला नाही.

जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी आणखी एक शब्द सांगून ठेवते. साक्ष. आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभूभोजनाच्या आधी, पाळक विचारतात, “कुणाला साक्ष द्यायची आहे?” मग ज्याला वाटेल त्यानं जागेवर उठायचं, हातात माईक घ्यायचा आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. कुणाचं दुखणं बरं झालेलं असतं, कुणाच्या मुलीचं जमलेलं असतं, कुणाची बदली रद्द झालेली असते. सांगणारा बसला की सगळे आमेन म्हणतात. व्हरांड्यात बसणाऱ्यांना ऐकू जावं म्हणून बाहेर एक स्पीकर लावलाय, त्यामुळे फाटकापर्यंत सगळं स्वच्छ ऐकू येतं.

पप्पांची साक्ष पुराची होती. लग्नाच्या आधी ते नदीपलीकडच्या एका गावात शिकवायला जायचे. एका पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पाणी चाललं होतं आणि ते सायकल हातात धरून त्यातून निघाले. पाय घसरला, सायकल गेली, तेही चालले होते, इतक्यात एका अनोळखी हातानं त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं. काठावर आल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं, तर तिथं कुणीच नव्हतं. इथं पप्पा थांबायचे. आयुष्यभर मराठी शिकवलेला माणूस, कुठं थांबायचं हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. मग हलक्या आवाजात म्हणायचे, “बंधूभगिनींनो, तो हात कुणाचा होता, हे मी तुम्हाला सांगायला नको.” पुढच्या बाकांवरच्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या.

मी ही साक्ष इतक्या वेळा ऐकली होती की पोळ्या लाटता लाटता म्हणून दाखवली असती. आणि ऐकता ऐकता एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. पंचगंगेला तो पूर एकदाच आला असेल, पण पप्पांच्या साक्षीत तो वर्षागणिक चढत गेला. मी लहान असताना पाणी मांड्यांपर्यंत होतं. मी कॉलेजात गेले तोवर ते छातीला लागलं. अलीकडे तर गळ्यापर्यंत येऊन वर एक झाडही वाहत आलं होतं. मी एकदा म्हटलं, “पप्पा, ते झाड कधी आलं?” तर म्हणाले, “तू तिथं होतीस का?” मी नव्हते, हे खरंच होतं.

आईनं मात्र आयुष्यात एकदाही साक्ष दिलेली नाही. तिचं माहेर नेसरीकडचं. इतकी वर्षं मास्तराच्या घरात काढूनही तिची बोली तसूभर बदलली नाही. चर्चमध्ये ती शेवटून दुसऱ्या बाकावर बसते आणि उपदेश लांबला की सरळ डुलकी काढते. साक्ष का देत नाहीस, असं पाळकांच्या बायकोनं तिला एकदा विचारलं होतं. आई म्हणाली, “देवानं केलंय म्हंजे देवाला ठावं हाय की. त्येलाच परत काय सांगायचं?” साक्ष देवाला नाही, माणसांना द्यायची असते, हे कुणी तिला समजावून सांगितलं नाही.

तर गोष्ट तिकटीवरच्या अपघाताची आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी तीन रस्त्यांची तिकटी आहे आणि तिचा एक रस्ता कळंब्याकडं जातो. तिकडूनच आमचा दूधवाला यायचा. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लावून तो आमच्या आख्ख्या भागात म्हशीच्या दुधाचा रतीब घालायचा. पहाटे धारा काढायच्या, उजाडताना निघायचं आणि शेवटी चर्चच्या आवारात पाळकांच्या घरी दूध घालून परत जायचं, असा त्याचा क्रम. बोलायला कमी, मापाला चोख.

त्या सकाळी पप्पा फिरून येत होते आणि रस्ता ओलांडायला तिकटीवर थांबले होते. घरी आले तेव्हा त्यांच्या पायजम्यावर गुडघ्यापर्यंत दुधाचे डाग होते. आईनं त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि त्यांनी सगळं सांगितलं. कॉलनीतल्या बोळातून एक पांढरी गाडी हॉर्न न देता आली. वळण तोडून पार उजव्या अंगाला घुसली आणि समोरून आपल्या बाजूनं येणाऱ्या दूधवाल्याला तिनं उडवला. चालवणाऱ्याच्या कानाला मोबाईल होता. दूधवाल्याचा पाय मोटारसायकलखाली सापडला होता आणि तो ओरडतही नव्हता, नुसता कॅनकडं बघत होता. पप्पांनी आणि पानपट्टीवाल्यानं त्याला बाहेर काढून रिक्षात घातलं. पानपट्टीवाला आवाज ऐकून मागाहून धावत आलेला होता.

“गाडीत कोण हुतं?” आईनं विचारलं.

पप्पांनी सांगितलं. मंडळीतल्याच दुसऱ्या वडिलांचा मुलगा होता.

या दुसऱ्या वडिलांबद्दल सांगितलं पाहिजे. त्यांचा बांधकामाचा मोठा व्यवसाय आहे. चर्चची नवी फरशी त्यांनीच करून दिली. वाईट माणूस अजिबात नाही. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा रक्ताची धावपळ त्यांनीच केली होती आणि त्याचा उल्लेखही पुन्हा कधी केला नाही. मुलगा एकुलता एक, पुण्यात शिकून नुकताच आलेला. अपघातानंतर तोसुद्धा फुटपाथवर बसून रडत होता, असं पप्पांनीच सांगितलं. पण संध्याकाळपर्यंत त्याचं रडणं थांबलं असावं. पोलिसांकडं जे गेलं ते असं, की दूधवाला चुकीच्या बाजूनं भरधाव आला आणि गाडीवर आदळला. दूधवाला दवाखान्यात गुंगीत होता, तो काय बोलणार? तिकटीवरच्या किराणा दुकानाला कॅमेरा होता, पण मालकाचा रस्त्यापेक्षा नोकरावर अविश्वास जास्त, म्हणून तो गल्ल्यावर लावलेला. बघितलेला माणूस एकच होता आणि तो आमच्या घरी खुर्चीत बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी हे दुसरे वडील आमच्याकडं आले. दोघंही एकमेकांना वडीलच म्हणतात.

“वडील, जरा बोलायचं होतं,” ते म्हणाले.

“बोला ना, वडील.”

बोलण्याच्या आधी त्यांनी प्रार्थना करू या म्हटलं. आईनं गॅस बारीक केला, मी हातातलं काम ठेवलं. प्रार्थना सुंदर होती, हे मान्य केलं पाहिजे. त्यांनी जखमी बंधूच्या पायासाठी मागितलं, डॉक्टरांच्या हातांसाठी मागितलं, त्याच्या बायकामुलांसाठी मागितलं. मग म्हणाले, “आणि प्रभो, हा विषय वाढू देऊ नकोस. सर्वांना शांती दे.” आम्ही आमेन म्हटलं. डोळे उघडल्यावर त्यांनी पप्पांकडं बघितलं आणि अगदी सहज विचारलं, “तुम्ही त्या वेळी पाठमोरे होतात ना, वडील?”

पप्पा काहीच बोलले नाहीत. नाही म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ निघून गेला आणि त्या न बोलण्याचं हो झालं. मग चहा झाला. जाताना त्यांनी पप्पांचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं, त्याचीच मला जास्त चीड आली.

ते गेल्यावर मी म्हटलं, “पप्पा, तुम्ही पाठमोरे होता?”

“एका पोराचं आयुष्य आहे गं.”

“आणि दूधवाल्याचं?”

“त्याच्यासाठी आपण प्रार्थना करतोच आहोत.”

मी खूप बोलले. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, सगळंच शोभणारं नव्हतं. पप्पा वर्तमानपत्र उलगडून त्याच्यामागे गेले. मला आईचाही राग आला होता, कारण ती मध्ये पडत नव्हती. मी तिला म्हटलं, “तू तरी काहीतरी बोल.” तर म्हणाली, “म्या कुठं बघितलंय? बघितलंय त्येनी. त्येनाच ठरवू दे.” आणि कणीक मळायला लागली. पण दुसऱ्या दिवसापासून दुपारी डबा घेऊन ती सरकारी दवाखान्यात जायला लागली. डब्यात काय न्यायची ते सांगायची, तिथं काय बोलणं झालं ते कधी सांगितलं नाही.

दूधवाल्याच्या पायात रॉड घातला. आता रतीब त्याची बायको घालायला लागली. तिला गाडी येत नव्हती. दिराच्या टेम्पोतून तिकटीपर्यंत यायची आणि तिथून डोक्यावर आणि कमरेवर कॅन घेऊन घरोघरी फिरायची. साहजिकच तिला उशीर व्हायचा आणि उशीर झाला की लोक पिशवीचं दूध घ्यायचे. पोलिसांच्या कागदावर चूक नवऱ्याची होती. त्यामुळे भरपाईचा दावा टिकणार नाही, असं वकिलानं तिला सांगितलं होतं. एक म्हैस विकायचं घरात चाललं होतं. हे सगळं ती दूध मापता मापता आईला सांगायची. तक्रारीच्या सुरात नाही, हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तसं.

मग महिन्याचा पहिला रविवार आला. पाळकांनी नेहमीप्रमाणं विचारलं, “कुणाला साक्ष द्यायची आहे?” मला वाटलं होतं, या वेळी तरी पप्पा बसून राहतील. ते उठले. आणि त्या दिवशी त्यांनी जी साक्ष दिली तेवढी लांब मी कधी ऐकली नव्हती. पाणी, झाड, विजा, सगळं आलं. हात आला. मागे वळून बघणं आलं. मला आता वाटतं की ते त्या दिवशी गप्प राहायला घाबरत होते. तेव्हा मात्र मला तिथून उठून जावंसं वाटलं. दुसरे वडील पहिल्या बाकावर होते आणि आमेन त्यांनीच सगळ्यात मोठ्यानं म्हटलं. उपासना सुटल्यावर मी बाहेर आले, तर फाटकापाशी स्पीकरखाली दूधवाल्याची बायको उभी होती. पाळकांच्या घरचं दूध घालून झालं होतं, कॅन रिकामा होता, तरी ती थांबली होती.

त्यानंतर दोनतीन दिवसांनी ती सकाळी आली. पप्पा पायरीवर पेपर वाचत बसले होते, आई पातेलं घेऊन उभी होती आणि मी चपला शोधत होते.

“सर, एक इचारू का?” ती म्हणाली.

“विचारा की.”

“तुमच्या देवळात साक्ष द्यायची पद्धत हाय न्हवं? आमचं मालक लई दिसापास्नं सांगत्यात. पाळकांच्यात दूध घालाय गेलं की ऐकायचं उभं ऱ्हाऊन. घरी येऊन म्हणायचं, आपल्यात साक्ष म्हटली की माणूस दार लावून घेतंय, आणि ही लोकं बघा, कुणी बलवाय लागत न्हाय, आपणहून उठत्यात. परवाच्या ऐतवारी म्या बी ऐकली तुमची. पुराची. काटा आला बघा अंगावर.”

पप्पा हसले. त्यांना बरं वाटलं होतं, हे मला दिसलं.

“तर म्हटलं, सरांस्नीच इचारावं,” ती पुढं म्हणाली. “पोलीस म्हणत्यात साक्षीदार आणा. म्या आख्खी तिकटी पालथी घातली. कोण म्हणतंय दुकान उघडत हुतो, कोण म्हणतंय आवाज ऐकून आलो. तुमी उचलून रिक्षात घातलं, पर तुमी बी पाठमोरं हुता म्हणत्यात. तुमी तुमच्या लोकांस्नी इचारा की, त्या दिशी तिकडं कोण हुतं का. तुमच्यातल्या कुणी बघितलं असंल तर त्ये न्हाय म्हणायचं न्हाय. सवयच हाय त्यास्नी.”

आईच्या हातातल्या पातेल्यात दूध पडायचं थांबलं होतं, पण तिनं पातेलं तसंच पुढं धरून ठेवलं होतं. मी एक चप्पल घालून उभी होते.

“बाई,” पप्पा म्हणाले, “ती साक्ष वेगळी असते.”

“वेगळी म्हंजे?”

“ती देवाविषयी असते. पोलिसात देतात ती वेगळी.”

तिनं थोडा विचार केला. तिला खरोखरच कळलं नव्हतं.

“साक्ष साक्षच की, सर,” ती म्हणाली. “बघितलं त्ये सांगायचं. का तुमच्यात न बघितलेलं बी सांगत्यात?”

हे तिनं टोमणा म्हणून विचारलं असतं, तर पप्पांना उत्तर देता आलं असतं. टोमण्यांना उत्तरं द्यायची त्यांना शाळेपासून सवय. पण ती प्रामाणिकपणे विचारत होती, तुमच्या लग्नात हळद लावतात का, असं विचारावं तसं. पप्पा म्हणाले, “विचारतो मी लोकांना.” ती “लई उपकार हुतील” म्हणून कॅन उचलून गेली. पप्पांनी पेपर पुन्हा वर धरला. तो उलटा वगैरे नव्हता, पण बराच वेळ पान उलटलं नाही.

त्या दिवसापासून पप्पा कोरा चहा घ्यायला लागले. आई म्हणाली, “दुधाला काय झालं?” ते म्हणाले, “नको वाटतं.” आईनं पुढं काही विचारलं नाही आणि रोज कोरा चहा करून दिला. कोरा चहा त्यांना अजिबात आवडत नाही. तोंड वाकडं करून ते तो प्यायचे. फिरायला जायचा रस्ताही त्यांनी बदलला. मला त्यांची दया येत नव्हती. मला वाटत होतं की हेही एक नाटक आहे, उपास धरल्यासारखं, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा दुधाचा चहा सुरू होईल.

एका सकाळी त्यांनी विचारलं, “तुला सुट्टी कधी आहे?”

“शनिवारी. का?”

“पोलीस स्टेशनला यायचंय माझ्याबरोबर.”

मी “येते” म्हटलं आणि डबा भरायला घेतला.

पण त्याआधी ते एकटेच दुसऱ्या वडिलांच्या घरी जाऊन आले. मी म्हटलं, कशाला जाता, सरळ पोलिसात जाऊ. ते म्हणाले, “त्यांना बाहेरून कळता कामा नये. माझ्याकडून कळू दे.” परत आले तेव्हा चेहरा उतरला होता. काय झालं विचारलं, तर एवढंच म्हणाले, “ते म्हणाले, आपण यावर प्रार्थना करू. मी म्हटलं, तुम्ही करा, मी निघतो.”

शनिवारी पप्पांनी चर्चला घालतात तो इस्त्रीचा शर्ट घातला. पोलीस स्टेशनमध्ये आमच्या वाट्याला एक जाडसर हवालदार आले. टेबलावर अर्धा खाल्लेला वडापाव होता, तो त्यांनी कागदानं झाकला आणि पेन काढलं.

“बोला.”

पप्पा उभे राहिले. हवालदार म्हणाले, “बसून सांगा.” पप्पा बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, “परमेश्वराच्या कृपेनं त्या मंगल प्रभाती मी...”

पेन थांबलं. “पावणं,” हवालदार म्हणाले, “कृपा ऱ्हाऊ द्या. गाडी कुठल्या अंगानं आली?”

मला हसू आलं आणि त्याच वेळी पप्पांना हात लावावासा वाटला. पप्पांनी पुन्हा सुरुवात केली. ‘बेदरकार’ म्हणाले, ‘काळासारखी’ म्हणाले. हवालदार दर वेळी मान हलवून विचारायचे, “म्हंजे तुमाला काय दिसलं?” त्यांचा आवाज मोठा होता, पण ते रागावलेले नव्हते. “दिसलं तेवढंच सांगा. दिसलं न्हाय त्ये लिवून काय करू? उद्या कोर्टात वकील त्येच धरंल आणि दिसलेलं बी जाईल.”

हळूहळू पप्पांची वाक्यं लहान झाली. गाडी पांढरी होती. बोळातून आली. हॉर्न दिला नाही. वळताना उजव्या बाजूला गेली. दूधवाला त्याच्या बाजूनं होता. चालवणाऱ्याचा एक हात कानाला होता. मी समोर उभा होतो, पाठमोरा नव्हतो. हे शेवटचं हवालदारांनी विचारलंही नव्हतं. त्यांनी ते लिहून घेतलं. पोलिसांत याला साक्ष म्हणतच नाहीत, जबाब म्हणतात. सही करताना पप्पांनी तो दोनदा वाचला. बाहेर आल्यावर म्हणाले, “किती थोडं झालं गं.” मग आम्ही कोपऱ्यावरच्या गाड्यावर चहा घेतला. दुधाचा.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. गुन्हा मुलाच्या नावावर लागला आणि दूधवाल्याचा दावा उभा राहिला. तो अजून चाललाय, पण वकील आता फोन उचलतो. म्हैस विकायचं टळलं. चर्चमध्ये आमच्या बाकावर आम्हीच उरलो. कुणी भांडलं नाही, आमच्यात भांडत नाहीत, सगळे ‘तुमच्यासाठी प्रार्थना करतो’ एवढंच म्हणून पुढं जायचे. एकीनं मला सांगितलं की बाहेरच्या माणसासाठी आपल्या माणसाला पोलिसात नेणं हे प्रेमाचं लक्षण नाही. मी तिला जे उत्तर दिलं त्यामुळे ती अजून माझ्याशी बोलत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. दुसरे वडील पप्पांना नमस्कार करायचे थांबले, त्याचं मात्र पप्पांना फार लागलं. त्यांची मैत्री खरी होती.

पुढचा पहिला रविवार आला. पाळकांनी विचारलं, “कुणाला साक्ष द्यायची आहे?” आणि पप्पा उठले. सगळं चर्च ताठ झालं. पाळकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. दुसरे वडील पहिल्या बाकावर खाली मान घालून बसले होते. आता हे तिकटीचं काढणार, असं सगळ्यांना वाटलं. मलाही तेच वाटलं.

“माझी पुराची साक्ष तुम्हाला माहीत आहे,” पप्पा म्हणाले. “ती आज दिसलं तेवढीच सांगतो. बंधाऱ्यावर पाणी गुडघ्याच्या थोडं वर होतं. लोक जाऊ नका म्हणत होते, मी ऐकलं नाही. पाय घसरून पडलो. कागलकडचा एक ट्रॅक्टरवाला पाणी उतरायची वाट बघत काठावर थांबला होता. त्यानं उडी मारून माझा दंड धरला. त्याच्या हातात तंबाखू होती, ती माझ्या शर्टाला लागली. बाहेर काढल्यावर त्यानं मला आईवरून शिवी दिली.”

आमच्या चर्चमध्ये माईकवर ‘शिवी’ हा शब्द बहुधा पहिल्यांदाच आला असेल. पप्पा थांबले. हे थांबणं नेहमीचं नव्हतं. या वेळी ते पुढच्या बाकांकडं नाही, हातातल्या माईककडं बघत होते.

“मी मागे वळलो तेव्हा तो तिथंच होता,” ते म्हणाले. “समोर उभा राहून लेंगा पिळत होता. देवानं त्याला पाठवलं असं मी तेव्हा मानलं, आजही मानतो. पण माझी साक्ष चांगली व्हावी म्हणून इतकी वर्षं मी त्या माणसाला तिथून काढून टाकलं. त्याचं नावसुद्धा मी विचारलेलं नाही. एवढंच.”

ते बसले. आमेन कुणीच म्हटलं नाही, कारण संपलं की नाही हे कुणाला कळलंच नाही. पुढच्या बायकांचे पदर हातातच राहिले. मग पाळकांनी घाईघाईनं गीताचा क्रमांक सांगितला आणि पेटीवाल्यानं चुकीच्या पट्टीत सूर धरला. मला पप्पांचा एवढा अभिमान वाटला की गाण्याचा एक शब्दही माझ्या तोंडून निघाला नाही. आईकडं बघितलं, तर ती टक्क जागी होती.

उपासना सुटल्यावर आम्ही बाहेर आलो. पप्पा माझ्यामागे सावकाश पायऱ्या उतरत होते. फाटकापाशी दूधवाल्याची बायको उभी होती. नवरा काठी घेऊन अंगणापर्यंत चालला म्हणून सांगायला थांबली होती. ते सांगून झाल्यावर तिनं स्पीकरकडं बघितलं.

“काकू, आज सरांची साक्ष लगेच आटपली,” ती म्हणाली. “म्या कॅन खाली ठेवतोय तवर संपली बी.”

“खरी हुती की गं,” आई म्हणाली, “म्हणून.”